पदरमोड न करता कोल्हापूर

आमच्या घरी पाहुणा आला, की पहिल्या चहाबरोबरच "काय काय बघायचं ठरवलंय?" असे त्याला विचारायची पद्धत आहे. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. अंबाबाईचे दर्शन, तांबडा-पांढरा रस्सा, चपलांचा एक जोड, आणि वेळ उरलाच तर पन्हाळा. सकाळच्या गाडीने यायचे, रात्रीच्या गाडीने जायचे. घरी गेल्यावर "कोल्हापूर बघून आलो" म्हणून सांगायचे. बघितलेले असते ते रांगेतल्या पुढच्या माणसाचे डोके आणि जेवणाचे बिल!

पण एका नोव्हेंबरात माझे दाजी आले, आणि त्यांनी मलाच उलट विचारले, "खर्च किती येईल ते आधी सांगा."

माझी धाकटी बहीण मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यात दिली आहे. दाजी तिथल्या शाळेत शिक्षक. शाळा विनाअनुदानित, तेव्हा पगार म्हणजे कधी येतो आणि कधी येतच नाही असा प्रकार. दिवाळीच्या सुटीत ते चौघे आले होते. दाजी, बहीण, सातवीतला मुलगा, आणि दाजींची आई. आईंना किरणोत्सव बघायचा होता. तेवढ्यासाठी त्यांनी वर्षभर शेळीच्या दुधाचे पैसे बाजूला टाकले होते, आणि ते एस.टी.च्या भाड्यातच संपले होते. दाजींनी हे सगळे मला सरळ सांगितले. म्हणाले, "जेवायला घालणार तुम्ही, राहायला तुमच्याकडं. बघायला मात्र तुमच्या खिशात हात घालायला लावू नका."

मी म्हटले, "चार दिवस राहा. एक पैसा लागला तर मला सांगा."

बोलून तर बसलो. मग रात्री विचार करू लागलो, की खरोखरच या गावात फुकट बघण्यासारखे काय आहे? आपण गावात राहतो म्हणजे गाव आपल्याला माहीत असते, हा एक मोठाच गैरसमज आहे. त्या चार दिवसांत मलाही जे नव्याने दिसले, ते आज सांगणार आहे.

सुरुवात किरणोत्सवापासूनच करतो. अंबाबाईची मूर्ती पश्चिमेला तोंड करून आहे. वर्षातून दोनदा, 9, 10, 11 नोव्हेंबरला आणि 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत शिरतात; गरुडमंडप, कासव चौक, पितळी उंबरठा, चांदीचा उंबरठा असे टप्पे घेत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेवर-छातीवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर, असा त्यांचा क्रम सांगतात. सगळा मामला काही मिनिटांचा. हे मी लहानपणापासून ऐकत आणि बघत आलो. पण याच तारखा का, हा प्रश्न मला पन्नास वर्षांत कधी पडला नव्हता. तो दाजींच्या मुलाने विचारला.

दाजी मास्तर ना! अंगणात कोळशाने एक रेघ ओढली. म्हणाले, सूर्य रोज एकाच ठिकाणी मावळत नाही. उन्हाळ्यात मावळतीची जागा उत्तरेकडे सरकते, थंडीत दक्षिणेकडे. दक्षिणेचे टोक 21-22 डिसेंबरला. तिथून तो परत फिरतो. आता मोज. 10 नोव्हेंबरपासून 21 डिसेंबरपर्यंत किती दिवस? मुलाने बोटांवर मोजले, 41. आणि 21 डिसेंबरपासून पुढे 41 दिवस मोजले की? 31 जानेवारी. म्हणजे जाताना सूर्य ज्या जागी मावळला, येताना बरोबर त्याच जागी मावळतो. आणि देवळाचा रोख नेमका त्याच जागेकडे आहे. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी दगडावर दगड ठेवला, त्यांनी आधी कितीतरी संध्याकाळी मावळतीकडे बघत घालवल्या असल्या पाहिजेत.

पण सूर्य वेळेवर आला, तरी वाट मोकळी असावी लागते. देवळासमोरच्या रस्त्यावर घरे वाढली, मजले चढले, वर पाण्याच्या टाक्या बसल्या, फलक लागले. संध्याकाळचा सूर्य क्षितिजाला टेकत आलेला असतो. एखादी टाकीसुद्धा त्याला पुरते. म्हणून अलीकडे अभ्यासकांकडून मापे घेणे, अडथळे शोधणे, ते काढायला लावणे असे उद्योग करावे लागतात. त्यातून ढग, धुके, धूळ आहेतच. तेव्हा किरण मुखापर्यंत पोचतीलच याची हमी कोणी देत नाही, आणि दिलीच तर घेऊ नये.

आम्ही दोन दिवस गेलो. पहिल्या दिवशी ढग आडवे आले. दुसऱ्या दिवशी गर्दी इतकी, की गाभारा दिसायची सोय नव्हती. लोक बाहेर पडद्यावर बघत होते. मी आईंना म्हटले, "चला, पडद्यासमोर जागा धरू." त्या हलल्या नाहीत. मोकळ्या ठेवलेल्या वाटेच्या कडेला फरशीवर बसून राहिल्या. पावणेसहाच्या सुमारास ते ऊन आले. पिवळेजर्द, आडवे, एखादी ओली धाबळी फरशीवरून ओढत न्यावी तसे. आईंनी हात पुढे केला. हातावर ऊन पडले. तो हात त्यांनी कपाळाला लावला, आणि म्हणाल्या, "झालं माझं. आता ते देवीकडं जाऊ दे." आत ते छातीपर्यंत चढल्याचे आम्हाला घोषणेवरून कळले.

चपला ठेवायचे दहा रुपये तेवढे पडले. दाजींनी ते वहीत लिहून घेतले.

दुसरी जागा म्हणजे तालीम. कोल्हापूरला येऊन तालीम न बघता जाणारा मनुष्य मला समजत नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, काळाइमाम अशी नावे पुष्कळांनी ऐकलेली असतात. पण आत जाता येते हे ठाऊक नसते. जाता येते. मात्र पहाटे जावे लागते. आठ वाजता गेलात तर पैलवान अंघोळ करून झोपलेले दिसतील. पाच-साडेपाचला जावे, दारात पायताणे काढावीत, वस्तादांना नमस्कार करून "बघू का?" म्हणून विचारावे, आणि भिंतीकडेला गप बसावे. फोटोची घाई करू नये. हौद्यातल्या मातीला पाय लावायचा नाही. पैलवानसुद्धा तिला हात लावून, तो कपाळाला टेकवून मगच उतरतो.

ही तांबडी माती नुसती माती नव्हे. ती चाळून बारीक केलेली असते. तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे मुरवलेले असते. त्यामुळे ती अंगाला बोचत नाही, खरचटले तर जखम चिघळत नाही, आणि सगळ्या तालमीला एक आंबूस, थंड वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात वीस-पंचवीस पोरे जोर मारताहेत, श्वासांचा आवाज एका लयीत चालला आहे, मध्येच वस्तादांचा एखादाच शब्द. मोठमोठ्या कार्यक्रमांना तिकीट काढून गेलो आहे, पण इतके एकाग्र झालेले लोक मी एका जागी क्वचित पाहिले.

स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक 1952 साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवून दिले. गडी कराडजवळच्या गोळेश्वरचा. पण शिकला इथल्या राजाराम कॉलेजात, आणि जाण्याच्या पैशांसाठी त्याचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. 1959 साली पहिला हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे शाहूपुरी तालमीचे. ही नावे भिंतीवरच्या तसबिरींत असतात. पोरे त्यांच्याकडे बघत बैठका मारतात.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. माझ्या बहिणीला आत घेतले नाही. "बायकामाणसांची रीत न्हाई," म्हणाले. ती बाहेर कट्ट्यावर बसून राहिली. आज मुली कुस्ती खेळतात, पदके आणतात. त्यांच्यासाठी वेगळे आखाडेही निघाले आहेत. तरी जुन्या तालमींच्या उंबऱ्यावर ही रीत अजून पुष्कळ ठिकाणी आडवी येते. मला ती पटत नाही. वस्तादांना मी तसे म्हणालो, ते हसले, आणि विषय तिथेच राहिला.

तालमीतून निघून खासबागेत जावे. शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले होते; रोममधले जुने वर्तुळाकार प्रेक्षागार त्यांच्या मनात भरले. 1912 साली त्यांनी खासबागेचे मैदान बांधून घेतले. बशीसारखा खोलगट आकार, मधोमध आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसलीच पाहिजे. मैदान नसेल त्या दिवशी सकाळी ते ओस असते. अशा वेळी मधोमध दृष्टी लावून बसावे आणि हजारोंचा कल्लोळ ऐकू येतो का बघावे. दाजींच्या मुलाने वरच्या पायरीवरून हाक मारली, ती खाली स्वच्छ ऐकू आली.

मैदानाला लागूनच नाट्यगृह. महाराजांनीच बांधवले, 1915 साली ते पॅलेस थिएटर म्हणून उघडले, आणि पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रात्री कलावंत, रंगमंचावरचे कामगार, साधे प्रेक्षक रस्त्यावर उभे राहून रडत होते. पुढे उभारणीचे काम सुरू झाले. पाहुण्याला मी हे नाट्यगृह बाहेरून का होईना, दाखवतोच. गावाचे वैभव दाखवायचे तर त्याचे दुखणेही दाखवावे.

नदीविषयी सांगायला वेळ थोडा आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती, अशा पाच मिळून पंचगंगा. घाटावर सूर्योदयाला जावे. दगडी पायऱ्या, पाण्यातली लहान देवळे, पोहणारी पोरे. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे या पायऱ्यांवर हजारो पणत्या लागतात, तो दिवस साधला तर उत्तमच. पावसाळ्यात मात्र घाट दिसतच नाही, आणि तेव्हा कोल्हापूरकरांची एक निराळीच फुकट करमणूक असते. तिला "पाणी बघायला जाणे" म्हणतात. सहकुटुंब जातात, भाजलेली कणसे खातात, आणि एकमेकांना विचारतात, "किती फूट झालं?" राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 आणि 2021 साली पाणी 55 फुटांच्याही वर गेले, घरे बुडाली, माणसे गच्च्यांवर अडकली. तेव्हापासून त्या प्रश्नातली मौज निम्मी झाली आहे. पाहुण्यांनी पाणी लांबूनच बघावे, पुलाच्या कठड्यावर चढू नये.

घाटाजवळच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. लोक तिच्यावरून रोज जातात, पण 1945-46 साली इथे उत्खनन झाले हे कितीजणांना ठाऊक असेल? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे गाव मातीखाली निघाले, आणि पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटीशी ब्राँझची मूर्ती हाती आली. समुद्र कुठे, कोल्हापूर कुठे! म्हणजे रोमशी चालणाऱ्या व्यापाराचा माल घाट चढून इथवर येत होता. ती मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. तिथे नाममात्र तिकीट आहे, तेव्हा ते माझ्या पैजेत बसत नव्हते. पण दाजींनी वहीकडे एकदा बघितले आणि "हे बघायचंच" म्हणून स्वतः पैसे काढले. बाहेरची बाग मात्र फुकट आहे, आणि दुपारच्या उन्हात तिच्यासारखी सावली नाही.

रंकाळ्याला आम्ही रोज संध्याकाळी गेलो, आणि ते आईंसाठी. त्यांच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. पहिल्या दिवशी कठड्याशी उभे राहून त्यांनी विचारले, "हे सगळं पिण्याचं आहे?" नाही म्हणालो, तर त्यांना खरे वाटेना. एवढे पाणी, आणि नुसते बघायला!

मूळ ही दगडाची खाण. भूकंपाने तिच्यात पाणी भरले असे सांगतात. पाणी उतरले की संध्यामठाचे खांब वर येतात. पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा. चित्रकार आबालाल रहिमान याच पाण्याच्या काठी आणि कोटितीर्थावर बसून चित्रे काढीत. 1931 साली ते वारले. त्यांची चित्रे संग्रहालयात बघून मग रंकाळ्यावर यावे, म्हणजे पाण्याचे रंग ओळखू येतात. सांडपाणी आणि जलपर्णी यांनी या तळ्याला पुष्कळ छळले आहे. गावातल्या लोकांनी भांडून, प्रसंगी स्वतः उतरून साफसफाई केली आहे. गणपतीचे विसर्जनही आता शेजारच्या इराणी खणीत होते. म्हणून पाहुण्याला एकच विनंती असते, भेळेचा कागद खिशात घालून घरी न्या.

शेवटच्या दिवशी मी आणि दाजी दोघेच फिरायला निघालो. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. माधवराव बागलांच्या पुढाकाराने ते 9 डिसेंबर 1950 ला बसवले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. तिथून दसरा चौकात आलो. दसऱ्याला इथे सीमोल्लंघन होते, सोने लुटतात, राजघराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक मोटारीतून येतात. हा सोहळाही कोणालाही उभे राहून बघता येतो. पण इतर दिवशी चौकाभोवती नजर टाकावी. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहे शाहू महाराजांनी 1901 पासून या गावात उभी केली वा त्यांना आधार दिला. 1902 साली राज्यातल्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा त्यांनी मागासलेल्यांना राखून ठेवल्या, 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले.

इथे मी दाजींना गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगितली. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या या अस्पृश्य माणसाला हौदाचे पाणी शिवला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना चहाचे हॉटेल काढून दिले, आणि कोणी चहा प्यायला येईना तेव्हा स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले. बरोबरच्या सरदारांनाही घ्यावा लागला. महाराज 1922 साली गेल्यावर, 1925 मध्ये त्यांचे स्मारक नर्सरी बागेत उभारले तेही गंगारामांनी पुढाकार घेऊन.

दाजी बराच वेळ त्या वसतिगृहांकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "आमच्या शाळेतली पोरं तीन किलोमीटर चालत येतात. त्यांना कुणी हे दाखवलं नाही. पुस्तकात चार ओळी आहेत, पाठ करतात." नंतर रिक्षा करू का विचारले, तर नको म्हणाले. घरापर्यंत चालत आलो.

बाकीच्या गोष्टी उरकून टाकतो. 1850 सालापासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर. शुक्रवारी रात्री अंबाबाईची पालखी. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हालेल्या सासनकाठ्या. पन्हाळ्याचा तीन दरवाजा आणि अंधारबाव. पन्हाळा 2025 च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत गेला, आता गर्दी वाढेल, तेव्हा पहाटेच्या एस.टी.ने जावे. खिद्रापूर लांब आहे, साठेक किलोमीटर, पण कोपेश्वराच्या देवळातला स्वर्गमंडप बघायला दाम पडत नाही. छताला मधोमध गोल मोकळा ठेवला आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलावर येतो. मी एकदाच गेलो आहे. मान दुखेपर्यंत वर बघत होतो.

दाजींच्या वहीत निघताना एवढीच जमा होती: चपला दहा रुपये, संग्रहालय, शेंगदाणे, मुलाला एक भोवरा.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. शाळेची सहल काढायची आहे, 31 जानेवारीला किरणोत्सव गाठून. चाळीस मुले, त्यांत सतरा मुली. उतरायची सोय एका मठात झाली आहे. तालमीत घेतील का, विचारा.

वस्तादांकडे गेलो. सतरा मुलींचे सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी रस्त्यात भेटले, तेव्हा सायकल थांबवून म्हणाले, "साडेपाचला आणा सगळ्यांस्नी. पायताणं दाराबाहेर. आणि पोरींना सांगून ठेवा, अंगावर माती उडाली तर कुरकुर करायची न्हाई."